लाल शाईची वही

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, मी सतरा वर्षे खजिनदार आहे. पहिली पाच वर्षे रविवारचे अर्पण मोजणे, पावत्या फाडणे आणि वार्षिक सभेत ताळेबंद वाचून दाखवणे एवढीच माझी सेवा होती, आणि तो वाचतानाही माझी नजर कागदावरून वर उठत नसे. त्या वेळच्या पाळकसाहेबांनी मला तरुण संघाचा बायबल अभ्यास घ्यायला सांगितले, तेव्हा मी म्हणालो, "साहेब, आकडे कितीही द्या, पण बोलायचं काम माझं नव्हे." त्यांनी वाद घातला नाही. "निर्गमचा चौथा अध्याय वाचून या, मग बोलू," एवढेच म्हणाले.

तो अध्याय मला लहानपणापासून ठाऊक होता, पण त्या रात्री तो वेगळाच वाचला गेला. इस्राएली लोकांना मिसरच्या दास्यातून सोडवायला देव मोशेला पाठवतो आहे. मोशे जळत्या झुडपापुढे उभा आहे, आणि मी बोलका नव्हे, माझी जीभ जड आहे, अशी कारणे एकामागून एक पुढे करतो आहे. प्रत्येक कारणाला देवाकडे उत्तर आहे. शेवटी मोशे म्हणतो की दुसऱ्या कोणाला तरी पाठव, आणि तिथे मात्र देवाचा राग भडकतो. जड जिभेवर देव रागावला नाही, अंग काढून घेण्यावर रागावला, हा फरक मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

आपल्याकडे या अंग काढण्याला एक जुनी सवयही कारणीभूत आहे, असे माझे मत आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, १८७० मध्ये इथले काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले, आणि पुढे शाळा, दवाखाने, वसतिगृहे उभी राहिली. त्या कामाचे ऋण मी मानतो. पण त्याच छायेत "साहेब बघतील" हे वाक्यही आपल्या तोंडी रुळले. साहेब मायदेशी गेल्यावर त्यांच्या जागी पाळक आले आणि वाक्य तेच राहिले. नम्रतेच्या नावाखाली आपण जे मागे राहतो, त्यात नम्रता किती आणि सोय किती, हे ज्याने त्याने तपासावे. माझ्यात सोयच अधिक होती.

असो. मी अभ्यास घेऊ लागलो. पहिले तीन महिने घाम फुटत असे. मग फुटेनासा झाला. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी रेव्हरंड टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पूर्ण केले, आणि मी पदवीधर असून चाळीस मिनिटे बोलायला भीत होतो, हे आठवून पुढे मला माझेच हसू येई. एवढ्यावर ही गोष्ट थांबली असती तर ती सांगण्याजोगी नव्हती. घोळ झाला तो पुढे, कारण मला जमू लागले.

जमू लागल्यावर मी दुसरे कुंपण घातले आणि ते कुंपण आहे हे कित्येक वर्षे मला कळलेही नाही. पूर्वी मी म्हणत असे, "मला जमणार नाही." आता मी म्हणू लागलो, "माझ्याशिवाय जमणार नाही." तोंडाने नव्हे, वागण्याने. अभ्यास मी घेणार, गीते मी निवडणार, सहलीची गाडी मी ठरवणार, कोठीची किल्लीही माझ्याच खिशात. २०१८ मध्ये बारावीतल्या एका मुलीला पाळकसाहेबांनी मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील तालांतांच्या दाखल्यावर (धनी तीन दासांकडे पैसे सोपवतो, दोघे ते वाढवतात, तिसरा पुरून ठेवतो) दहा मिनिटे बोलायला सांगितले. तिने आदल्या दिवशी आपली वही मला दाखवायला आणली. दोनशे पानी, तपकिरी पुठ्ठ्याची, आत निळ्या शाईत लिहिलेली साडेचार पाने. बँकेत लेखापरीक्षणाच्या टिपा काढायला मी जे लाल पेन वापरतो, ते माझ्या खिशात होतेच. मी बसल्या बसल्या ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, दोन परिच्छेद खोडले, एक बाण काढून शेवटचा भाग वर घेतला आणि समासात स्वतःचे दोन मुद्दे लिहिले. वही परत देताना तिच्या पानांवर निळ्यापेक्षा लाल शाई जास्त होती. दुसऱ्या दिवशी ती माझी वाक्ये माझ्याच क्रमाने वाचून खाली बसली. लोकांनी कौतुक केले आणि मीही केले. त्यानंतर पुढचे वर्षभर ती तरुण संघात आली नाही. अभ्यासाचा ताण असेल, असे मी धरून चाललो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. पूर चढायच्या सुमारास आम्ही मंडळीच्या सभागृहामागच्या कोठीत तांदूळ, तूरडाळ, चादरी आणि मेणबत्त्या भरून ठेवल्या होत्या, आणि मी बहिणीला भेटायला पेठ वडगावला गेलो तो तिथेच अडकलो, कारण शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले. किल्ली माझ्याकडे होती. पूरग्रस्त कुटुंबांची यादीही माझ्याच डायरीत होती. संघातल्या मुलांनी फोन केला तेव्हा मी सांगितले, "कुलूप तोडू नका, उद्या रस्ता सुटेल, मी येतोच." दुसऱ्या दिवशीही तेच सांगितले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला नाही.

पाणी ओसरल्यावर मी परतलो तेव्हा कोठीच्या दाराला नवे कुलूप होते आणि आत पोत्यांच्या जागी रिकाम्या गोण्यांची नीट घडी घातलेली होती. हिशेब एका जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर लिहिलेला होता: गल्ली, कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसे किती, काय दिले, कोणी पोचवले. मी खाली बसून तो तपासला. सतरा वर्षांत माझा हात दुसरे काय शिकला आहे? फरक निघाला तो एका मेणबत्तीच्या पुड्याचा. अक्षर ओळखीचे होते. वर्षभर न आलेली ती मुलगी त्या आठवड्यात रोज आली होती.

मोशेचा सासरा इथ्रो याची गोष्ट मी कितीदा शिकवली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटाच न्याय करीत बसलेला पाहून तो म्हणतो की हे तू करतोस ते ठीक नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम. "लोकही" हा शब्द मी दर वेळी घाईने ओलांडत असे. मला वाटे, थकतो तो पुढारीच. जीभ जड म्हणणारा मोशे आणि सकाळपासून एकटा बसणारा मोशे हा एकच माणूस आहे, आणि दोन्ही वेळा तो स्वतःकडेच पाहतो आहे, हेही मला त्या गोण्यांच्या घडीपाशी बसल्यावर उमगले.

माझे मामा करवीर तालुक्यात गुळव्या होते. काहिलीतला रस उकळून पाक होऊ लागला की तो थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का हे पाहतात, आणि काहील कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो. मामांच्या हाताखाली एक पोरगा होता. एका हंगामात त्यांनी वाटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "बघ, आज तू सांग." पोराने उशीर केला, पाक जळका लागला, गूळ काळपट पडला आणि सौद्यात कमी दर मिळाला. मालक बडबडला. मामा गप्प राहिले आणि पुढच्या काहिलीलाही वाटी त्या पोराकडेच दिली. मी तेव्हा नववीत होतो आणि मामांना व्यवहार कळत नाही, असे माझे ठाम मत होते.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, हे आपण अभिमानाने सांगतो. ते छापायला त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमाच्या छापखान्यात त्यांनी आश्रमातल्या स्त्रियांनाच तयार केले, हे कमी सांगतो. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि तरीही काम अडले नाही.

ती मुलगी आता नोकरी करते आणि तरुण संघाचा अभ्यास तीच घेते. मागच्या महिन्यात तिने पुन्हा तोच तालांतांचा दाखला घेतला. मला टिपणे आधी दाखवली नाहीत, आणि मी मागितलीही नाहीत. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. तेव्हा ज्याला सर्वांत कमी मिळाले त्यालाही जवळजवळ वीस वर्षांची कमाई मिळाली होती, असे तिने मांडले. पुढे ती म्हणाली की त्या दासाने पैसे पुरले ते आळसामुळे नव्हे. "आपण कठोर आहात हे मला ठाऊक होते" असे तो म्हणतो, म्हणजे आपल्याला धनी पुरता कळला आहे अशी त्याची खात्री होती, आणि त्या खात्रीनेच त्याचा घात केला. धनी मात्र त्याला सरळ आळशी म्हणतो, तेव्हा हे मत वचनात बसत नाही, असे मला वाटले. हात खिशाकडे गेलाही. पेन घरी राहिले होते.

सभा संपल्यावर मी चहाचे कप विसळत होतो. ती आली आणि म्हणाली, "काका, काही दुरुस्ती?" मी म्हणालो, "आळशी शब्दाचं काय करणार?" ती थोडा वेळ थांबली. "ते मला अजून सुटलेलं नाही," म्हणाली, आणि टॉवेल घेऊन कप पुसू लागली.