मधल्या सुट्टीच्या आधी

शाळेच्या सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला आणि विषय पण देऊन टाकला, 'शाळेने लावलेली शिस्त'. बाकीचे काय लिहिणार ते मला आत्ताच माहीत आहे. निंबाची छडी, कोंबडा, उशीर झाला की ग्राउंडला चकरा, आणि खाली एक वाक्य की त्या छडीमुळेच आज आम्ही इथपर्यंत आलो. मला काही ते पटत नाही, स्पष्टच सांगते. सगळ्यात जास्त छडी खाल्लेले आमच्या वर्गातले पोट्टे दहावीनंतर अमरावतीला होस्टेलवर गेले, तिथं छडी घेऊन कोणी उभं नव्हतं, दिवाळीपर्यंत त्यांनी कॉलेजचं तोंड पाहणं सोडून दिलं होतं. सर दिसले की सरळ आणि सर वळले की वाकडे, याला शिस्त म्हणायचं असेल तर म्हणा बापा.

सुविचाराचंही तसंच. रोज फळ्यावर सुविचार असायचा, तो वाचून कोणी सुधारलं असेल तर हात वर करा. हां, पण जिच्याकडं तो लिहायचं काम होतं ती पोरगी मात्र रोज प्रार्थनेच्या आधी येऊन, फळा ओल्या फडक्यानं पुसून, रेघा आखून लिहायची, आणि तिचं अक्षर आजही छापल्यासारखं आहे. म्हणजे सुविचाराचा फायदा झाला तर तो लिहिणारीलाच झाला.

मला लिहायचं आहे ते संचयिकेबद्दल. आताच्या पोरांना हा शब्दच माहीत नसेल म्हणून सांगते. संचयिका म्हणजे शाळेतली पोरांची बँक. पैसे पोरांचे, कारकून पोरं, मॅनेजर पण पोरगाच, वर देखरेखीला एक सर. चार आणे, आठ आणे, रुपया, जे असेल ते जमा करायचं, छोट्या पासबुकावर नोंद व्हायची, आणि सगळी जमा रक्कम शाळेच्या नावानं पोस्टात जायची. आठवीत मी तिथली कारकून झाले, कारण काय तर बेरीज चुकत नव्हती.

आता पोरांकडं पैसे यायचे कुठून? घरून रोज कोण देतं. आमचे पैसे सरव्याचे. तूर निघाली, भुईमूग निघाला की वावरात जे सांडून राहतं ते वेचायचं, त्याला सरवा म्हणतात हे आपल्या लोकांना सांगायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईला गेलेल्या मंडळींच्या लेकरांसाठी लिहून ठेवते. तो सरवा किराणा दुकानात विकायचा. नाहीतर रविवारी मायसंग कापूस वेचायला जायचं, संध्याकाळी वजन झालं की त्यातले थोडे हातावर पडायचे. शनिवारी ते पैसे शाळेत, कारण शनिवार संचयिकेचा वार.

पण संचयिकेचा पैशाचा डबा भरतच नव्हता! पोरं पैसे घेऊन घरून निघायची, मोजून दाखवायची पण, आणि संचयिका उघडायची तेव्हा हात रिकामे. कारण गेटाबाहेर बोरकूट, चिंच, लेमनच्या गोळ्या आणि उन्हाळ्यात ती लांब नळीतली लाल-पिवळी पेप्सी. आधीचे सर चिडायचे, प्रार्थनेत भाषण व्हायचं की मनावर ताबा ठेवा, जिभेचे चोचले बंद करा वगैरे वगैरे. भाषण ऐकून आम्हाला खरंच वाईट वाटायचं आणि मग आम्ही बोरकूट खायचो.

मग संचयिकेला दुसरे सर आले. बोलायला एकदम कमी. आठवडाभर त्यांनी काहीच केलं नाही, फक्त रजिस्टर पाहिलं, मला विचारलं, "बाई, तू किती वाजता बसतेस डबा घेऊन?" म्हटलं, "सर, मधल्या सुट्टीनंतर." बस्स. पुढच्या शनिवारपासून संचयिका पहिल्या तासाला. भाषण नाही, रागावणं नाही, काही नाही. तेच पोट्टे, तेच बोरकूट, पैसे पण तेवढेच, आणि डबा भरायला लागला. महिन्याभरात रजिस्टरची पानं पुरेनात आणि बोरकूटवाली आजी माझ्याकडं पाहून तोंड फिरवायला लागली.

मी तेव्हा काही फार विचार केला असं नाही. पण दहावीच्या मार्कावर पुढं मला गावातच ग्रामीण डाक सेवकाची नोकरी लागली, शाखा डाकपाल म्हणून, आणि इतकी वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून जे पाहून रायले त्याचा अर्थ त्या शनिवारमुळं लागला. कोणाचं मन खंबीर, कोणाचं कच्चं, असं लोक म्हणतात. मला तर दिसते ती फक्त वेळ. पैसा हातात आला तेव्हा आधी पोस्ट लागलं का आधी बाजार लागला, अर्धा फैसला तिथंच होऊन जातो.

पोस्टाची आवर्ती ठेव, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची आपली आरडी, घ्या. पाच वर्षं, 60 हप्ते. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं, मग दोन महिन्यांच्या आत मागचं भरलं तरच पुन्हा चालू. नियम कडक वाटतो पण लोक त्यासाठीच उघडतात, एक काकू तर म्हणाल्या, "मले कोणीतरी टोकणारं पायजे न बाई." आमच्या गावचा बाजार आठवड्याचा. बचत गटाच्या बाया बाजार करून माझ्याकडं यायच्या तेव्हा पिशवी भरलेली आणि बटवा रिकामा, "पुढच्या वक्ताला भरतो व." म्हणून मी बाजाराच्या दिवशी वेळेच्या आधीच येऊन बसायला लागले आणि सांगून ठेवलं की आधी इकडं, मग बाजार. कोणाला उपदेश केला नाही. खाती बंद पडायचं प्रमाण कमी झालं, आणि वरून इन्स्पेक्टर साहेबांना वाटलं मी लोकांना लय समजावून सांगते.

आता एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. मोबाईलवर ते शिस्तीचे व्हिडिओ येतात ना, पगारातले इतके टक्के पहिल्या तारखेला बाजूला टाका, ते पगारवाल्यांचं झालं. आपल्याकडं पहिली तारीख कोणाला आहे? सोयाबीन दिवाळीच्या आसपास, मग कापूस, मग तूर, पैसा येतो तो या चार महिन्यात येतो आणि बाकी वर्षभर जातच राहतो. ज्येष्ठ-आषाढात बियाण्याला पैसे नाहीत तिथं आरडीचा हप्ता कुठून आणायचा. त्या माणसाला बेशिस्त म्हणणारा स्वतः कधी वावरात उभा राहिला नसेल. अशा लोकांना मी सांगते की कापूस विकला की वर्षाचे हप्ते एकदमच भरून टाका, आगाऊ भरता येतात, वर सूट पण आहे, 6 हप्ते आगाऊ भरले तर शंभर रुपयांच्या हप्त्यामागं 10 रुपये आणि 12 भरले तर 40 रुपये. एक दिवस शिस्त पाळली की वर्षभर पाळायची कटकट नाही. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, तुमच्यापैकी कोणाला माहीत नसेल तर आता झालं.

घरातली गोष्ट पण सांगते, आमच्या ह्यांची परवानगी घेऊन. ह्यांना खर्रा होता. आपल्या भागात खर्रा म्हणजे काय ते सांगायला नको, पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घोटून घोटून पानठेल्यावर मिळतो तो. शपथा झाल्या, देवाच्या झाल्या, लेकीच्या झाल्या, चार दिवस टिकायच्या. मग लक्षात आलं की ह्यांना तलब येते ती सकाळच्या चहानंतर, चहा संपला की पाय आपोआप स्टँडवरच्या ठेल्याकडं. म्हणून सकाळचा चहा घरी बंद, थर्मासमध्ये भरून वावरात. तिथं चहा प्यायचा, खिशात सोप, म्हणजे बडीशेप, ठेवायची, आणि ठेला दीड-दोन किलोमीटर लांब, कोण जाते. बरं सरळ सुटला असं नाही, पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल घेऊन उभे होते, दोस्तानं पुडी समोर केली, घेतली. लोक म्हणाले झालं, सुटलं व्रत. मी म्हटलं उद्या थर्मास भरून ठेवीन. आणि ठेवला.

लेक नागपूरला शिकते, तिनं सांगितलं की सवय लागायला किती दिवस लागतात यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अभ्यास झालेला आहे, 2009 च्या आसपासचा, 96 जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावली, जेवणासोबत फळ खाणं वगैरे. ते 21 दिवसांत सवय लागते म्हणतात ते काही त्यात निघालं नाही. सरासरी 66 दिवस, कोणाला 18 आणि कोणाला तर 254 पर्यंत लागतील असा हिशोब. आणि मधात एखादा दिवस चुकला तरी फारसा फरक पडत नाही असंही दिसलं. आता तो अभ्यास सवय लावण्याचा होता, सोडण्याचा नव्हता, आणि खर्रा काही फळ नाही. तरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे मला माहीत असतं तर मी थर्मास भरताना इतकी घाबरले नसते.

शाळेची आणखी एकच आठवण लिहिते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला सर आम्हाला मोझरीला घेऊन जायचे, महाराजांचं निर्वाण 1968 चं, तेव्हापासून तिथल्या त्यांच्या आश्रमात, गुरुकुंजात, दरवर्षी मौन श्रद्धांजली होते, 4 वाजून 58 मिनिटांनी. लाखाची गर्दी, पालखी, दिंड्या, खंजिरी, लेकरं रडतात, फुगेवाले ओरडतात, आणि 4:58 झाले की सगळं बंद. एकदम. पोलिसांनी गप्प केलेलं नाही की कोणी छडी दाखवलेली नाही. मी आठवीत होते, शेजारच्या पोरीच्या हातात चिवड्याची पुडी होती, ती पण चावायची थांबली. गावच्या प्रार्थना मंडळाचंही तेच, दिवस मावळला की प्रार्थना, आज करायची का नाही असा प्रश्नच निघत नाही. ज्या दिवशी विचारायला बसलो असतो त्या दिवशी निम्मे घरीच राहिले असते, मी पण त्यात.

म्हणून सुवर्ण महोत्सव समितीला माझं एक म्हणणं आहे. कमान बांधा, रंग द्या, सगळं करा. पण आपली संचयिका बंद पडली आहे, ती परत कोणत्यातरी रूपात चालू करता येते का ते पाहा. दहा वर्षांच्या वरच्या लेकराला पोस्टात स्वतःच्या नावानं खातं उघडता येतं, बचत खात्याला 500 रुपये लागतात, ते जास्त वाटत असतील तर आरडी महिन्याला 100 रुपयांपासून आहे. फॉर्म मी आणून देते, भरून पण देते, आधार आणि फोटो लेकरांनी आणावे, पालकांची सही लागेल तिथं पालक बोलवून घ्यावे. हेडसरांशी बोलले आहे, ते हो म्हणाले, फक्त त्यांनी वेळ सांगितली दुपारी अडीचची. ती तेवढी बदलून द्या, पहिला तास द्या, नाहीतर मी येणार नाही.

— एक माजी विद्यार्थिनी, शाखा डाकपाल