दिवाळी पहाटेचा गळा

नरक चतुर्दशी, दुपार

पहाटेचा गाण्याचा प्रोग्राम झाला, घरी येऊन दोन तास मेल्यासारखी झोपले, आता उठून चहा घेत लिहितेय. क्लासमधल्या एका मुलीचं पुढच्या महिन्यात पहिलंच गाणं आहे, ती काल विचारत होती की ताई तुम्ही प्रोग्रामच्या आधी नक्की काय काय करता. तिला वाटलं मी रियाजाचं सांगेन. रियाज असतोच, पण तो वर्षभराचा. शेवटच्या पंधरा दिवसांत त्यात काही भर पडत नाही, उलट हौसेनं जास्त केला तर गळा बसतो. शेवटचे पंधरा दिवस असतात झोपेचे, पोटाचे आणि तोंड बंद ठेवण्याचे. आणि दिवाळीत ह्या तिन्ही गोष्टी करून दाखवा म्हणजे मानलं.

पहाटेच्या गाण्याची गोम अशी की संध्याकाळी गायचं असलं की दिवसभर बोलून, हसून, पोळ्या लाटताना गुणगुणून आवाज आपोआप मोकळा झालेला असतो. पहाटे तसं नाही. रात्रभर आडवं पडल्यामुळे स्वरतंतूंवर थोडी सूज असते, सगळ्यांनाच असते, म्हणून तर झोपेतून उठल्यावर आपला फोनवरचा आवाज जाड येतो. खर्ज, म्हणजे खालचे सूर, मस्त लागतात पण तार षड्जाचं, वरच्या सा चं, दर्शन होत नाही. म्हणजे सहाला स्टेजवर बसायचं तर तीनला उठायलाच हवं, आणि तीनला उठायचं तर नऊला झोपायला हवं, आणि नऊला आमच्याकडे अंगणात किल्ल्यावर मावळे मांडणं चाललेलं असतं, वरून कंदिलाची वायर कुणी लावायची ह्यावर भांडण. झोप एका रात्रीत पुढेमागे होत नाही, म्हणून मी दसरा झाला की रोज थोडं थोडं लवकर आडवी व्हायला लागते. घरचे हसतात, हसू देत.

मी एरवी काळी चारात गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी माझा सा, दिवाळी पहाटेला पांढरी पाच. अर्धाच सूर खाली, पण त्या वेळच्या गळ्याला तो अर्धा सूर म्हणजे फार मोठी सुट्टी असते. हे तबलजींना आदल्या दिवशीच सांगायचं, म्हणजे ते तबला उतरवून ठेवतात, ऐनवेळी ठोकाठोक नको.

अभ्यंगस्नानाचं मात्र मला खरंच कौतुक आहे. तेल-उटणं, कढत पाणी, बाथरूम वाफेनं भरलेली, त्यात ओठ मिटून हूं हूं करत मंद्रात, खालच्या सप्तकात, फिरायचं. ह्याच्यापेक्षा भारी वॉर्मअप मला तरी माहीत नाही. वाफ थेट स्वरतंतूंपर्यंत जाते. पाणी नाही जात! हे मुलींना सांगून सांगून दमले. आपण पितो ते पाणी अन्ननलिकेतून पोटात जातं, स्वरतंतू शेजारच्या श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात, त्यांना पाणी मिळतं ते रक्तातून, त्याला वेळ लागतो. म्हणजे स्टेजवर बसून घोट घोट प्यायलेलं पाणी फक्त कोरडं तोंड ओलं करतं, कामाचं पाणी आदल्या दिवशी प्यायलेलं. ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग मीही चघळते, बरं वाटतं, लाळ सुटते, पण त्यानं तान चढत नाही कुणाची.

आता पाणी भरपूर प्या म्हणणं सोपं आहे. पटांगणात मांडव, बायकांचं टॉयलेट कुठे तर शाळेच्या इमारतीत मागच्या बाजूला, कुलूप लावलेलं, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई दिवाळीला गावी. ह्याविषयी कुठल्या मुलाखतीत कुणी बोलत नाही. मी आयोजकांना मानधनाच्या आधी हे विचारते, आणि मग माईकचं.

खाण्याचं थोडक्यात. चिवडा, चकली, शेव सगळं तळलेलं आणि तिखट, ते रात्री खाऊन झोपलं की आंबट पाणी वर येतं आणि सकाळी घसा सोलल्यासारखा होतो. बेसनाचा लाडू वेगळाच वैरी, तोठरा बसतो. रात्री सातला मऊ भात-तूप, पहाटे अर्धं केळं. दही-चिंच बंद करणारे खूप आहेत, मला दह्यानं काही होत नाही, ज्याचं त्यानं बघावं.

फटाक्यांच्या धुराला काही इलाज नाही, पण स्टेजच्या पायरीशी आयोजक जो धूप पेटवतात त्याला आहे. हात जोडून सांगते, दूर लावा. पहिल्या रांगेतल्या अत्तराचं काय करू, तेवढं सोसते.

आणि साडी. नाडी करकचून बांधली की पोट पुढे येत नाही आणि पोट पुढे आलं नाही की श्वास अर्धाच. म्हणून शेवटच्या आठवड्यात मी तीच सिल्कची साडी नेसून, मांडी घालून, तानपुरा घेऊन पूर्ण वेळ बसते. पायाला मुंग्या कधी येतात, कुठला गुडघा बोलतो, सगळं आधी कळतं.

मनाचं सांगायचं तर मला "मन शांत ठेवा" म्हणणाऱ्यांचा राग येतो. कसं ठेवायचं ते सांगा ना! तळवे गार पडतात, तोंडाला कोरड पडते, श्वास छातीत वर अडकतो आणि सगळ्यात वाईट म्हणजे लय वाढते. छाती धडधडत असली की आपल्याला वाटतं आपण विलंबितच, म्हणजे संथच, गातोय आणि प्रत्यक्षात बारा मात्रांचा एकताल मध्य लयीकडे पळत असतो, मग पुढे जायला जागाच राहत नाही. म्हणून बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, मनातल्या मनात सावकाश पूर्ण आवर्तन फिरवून मगच तबलजींकडे बघायचं. एरवीही बसमध्ये, रांगेत, बोटांवर बारा मात्रा मोजत मी मनात गातच असते, गळा न वापरता केलेला रियाज हा, आणि पाठांतर त्यानं पक्कं होतं. ठरवून ठेवते फक्त सुरुवातीची दहा मिनिटं, त्यापुढचं तिथे बसल्यावर.

पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात ह्यासाठी गोळ्या घेतात हे वाचलं तेव्हा मी उडालेच होते. प्रोप्रॅनोलॉल, हृदयाचं आणि रक्तदाबाचं औषध, त्यानं हाताचा कंप आणि धडधड कमी होते. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रा वादकांची पाहणी झाली होती, त्यात चौथ्या हिश्श्याहून जास्त वादकांनी अशा गोळ्या घेतल्याचं सांगितलं. दमेकऱ्यांना ते धोक्याचं असतं, म्हणजे मैत्रिणीच्या पर्समधून घ्यायची वस्तू नाही. आमचे पेटीवाले काका विंगेत चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसतात, पीत नाहीत, बोटं शेकतात. ग्लेन गूल्ड हा कॅनडाचा पियानोवादक वाजवायच्या आधी हात गरम पाण्यात बुडवून बसायचा, काकांना सांगितलं तर म्हणाले मग बरोबरच आहे माझं. (त्याच गूल्डनं १९६४ नंतर लोकांसमोर वाजवणंच सोडून दिलं, हे काकांना सांगितलं नाही.)

माझी गोळी म्हणजे तानपुरा. आज सुरुवात ललत रागानं केली. ललतात पंचम (प) नाही, म्हणून पहिली तार मध्यमात (म) लावायची, मग मधल्या दोन्ही तारा म्हणजे जोड, शेवटची खर्जाची, मग जव्हारीचा, म्हणजे तारेखालचा, दोरा केसभर पुढेमागे सरकवत बसायचं, गारव्यात लागलेली तार स्टेजवरच्या दिव्यांच्या उबेत नेली की परत उतरते, परत लावायची. पुढे अहिरभैरव, त्याला पंचम हवा, स्टेजवर खुंट्या पिळत बसायला नको म्हणून दुसरा तानपुरा वेगळा लावून ठेवला. ह्या सगळ्यात चाळीस-पन्नास मिनिटं जातात आणि तेवढा वेळ कान इतका कामात असतो की घाबरायला माणूस मोकळाच नसतो. श्वासही आपोआप खाली जातो, कारण तार ऐकायची तर धापा टाकून चालत नाही. अॅपमधला तानपुरा सोयीचा आहे, मी क्लासात तोच लावते, पण तो लावायला दोन सेकंद लागतात आणि उरलेली पन्नास मिनिटं तुम्ही मोबाईल बघत बसता.

गायक कुमार गंधर्वांचं तानपुरे लावणं प्रसिद्ध आहे, लोक त्याला परफेक्शन म्हणतात. असेलच. पण क्षयानं एक फुफ्फुस निकामी झालेला, देवासला काही वर्षं गाणं पूर्ण बंद असलेला आणि १९५३ च्या सुमारास परत गायला बसलेला माणूस, त्याला प्रत्येक श्वास कुठे खर्च करायचा हे ठरवावं लागत असणार, आणि तानपुरा नीट लागलेला असेल तर गळ्याला ओढाताण कमी पडते हे मला आता पटायला लागलंय. गायिका किशोरीताई आमोणकरांना लोक मूडी म्हणायचे, गाण्याआधी कुणी बोललेलं चालत नाही म्हणून. आज विंगेत कुणाचे तरी काका "माझ्या नातीचा एक फोटो तुमच्याबरोबर" म्हणत आत शिरले तेव्हा मी फक्त हसले आणि खुंटीकडे बोट दाखवलं. गेले बिचारे.

हो, कुजबुजून बोललं की आवाजाला आराम मिळतो असंही नाही, कुजबुजताना कित्येक जण गळा जास्तच आवळतात. बोलायचं तर हळू पण नीट आवाजात, नाहीतर सरळ गप्प.

परवा पाडव्याला संध्याकाळी परत गाणं आहे, काळी चार, तबलजींना आजच कळवते म्हणजे त्यांना एक दिवस मिळेल. उद्या लक्ष्मीपूजन, शुभेच्छांचे फोन सुरू होतील, विशेषतः माझ्या दोन्ही आत्यांचे, एकेक तासाचे. फोन नवऱ्याकडे देणार आहे. तो म्हणाला मी काय सांगू त्यांना, म्हटलं सांग बायको स्वयंपाकघरात आहे, तेवढंच त्यांना पटतं.