करतील ना ते अ‍ॅडजस्ट!

एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधल्या टिटवीच्या अंड्यांचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं की तिथलं काम तीन-चार आठवडे पुढे ढकलता येईल का, कुणाची ओळख असेल तर प्लीज बोला. हात जोडलेले दहा-बारा इमोजी आले, दोघांनी विचारलं "फोटोत अंडी कुठायत?" (त्याबद्दल पुढे लिहितेच), आणि एका काकांनी लिहिलं, "अहो पक्षी आहेत ते, करतील ना अ‍ॅडजस्ट!" काका वाईट मनाने बोलले नाहीत, माहितीये मला. पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलेय.

आम्ही पुण्याजवळ, वाघोलीच्या पुढे राहतो. बाल्कनीच्या खालीच तो प्लॉट, मुरूम टाकून सपाट केलेला, एका कडेला खडीचा ढीग, मधेमधे वाळलेलं कुसळीचं गवत, आणि जवळच्या वस्तीवरच्या शेळ्या रोज तिथून जातात त्यामुळे सगळीकडे लेंड्या. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे टिटव्यांची जोडी दिसायला लागली. लांब पिवळे पाय, डोळ्यांपुढे लाल मांसल पाळी, काळा गळा, आणि आवाज असा की गाढ झोपलेलं माणूस उठून बसेल. आईला तो आवाज अजिबात आवडत नाही, रात्रीची टिटवी ओरडली की काहीतरी वाईट घडणार असं तिच्या माहेरी म्हणायचे. मी म्हटलं अगं तिला मांजर दिसलं असेल नाहीतर कुत्रं, ती तिच्या अंड्यांसाठी ओरडतेय, आपल्याशी काय संबंध. आई म्हणाली, "अंडी? त्या उन्हात?"

तोच तर प्रश्न आहे. त्या उन्हात!

हातात दुर्बीण असून घरटं सापडायला मला चार दिवस लागले. घरटं म्हणजे तरी काय, मुरमात उकरलेली बशीएवढी खळगी आणि कडेने बारीक खडी आणि शेळीच्या लेंड्या, बास. ना काडी ना कापूस. आत चार अंडी, चारींची निमुळती टोकं मध्याकडे, एकमेकांना अशी चिकटून की आईच्या पोटाखाली अगदी थोडक्या जागेत मावावीत. रंग मातकट आणि त्यावर काळपट डाग. प्लॉटवरच्या वॉचमन मामांना घेऊन मी खाली गेले, खळगीपासून दहा फुटांवर उभी होते, नक्की कुठे आहे ते वरून पाहून ठेवलेलं होतं, तरी मला अंडी दिसेनात. मामांनी बोट दाखवल्यावर एकदम दिसली, आणि मी फोनचा कॅमेरा उघडेपर्यंत परत हरवली. ग्रुपवर ज्यांना फोटोत अंडी सापडली नाहीत त्यांच्या डोळ्यांचा दोष नाही, ती सापडू नयेत म्हणूनच तशी आहेत.

त्या आठवड्यात पारा चाळिशीला टेकला होता आणि मला राहवेना. मी घरातली जुनी छत्री घेऊन गेले, म्हटलं खळगीच्या बाजूला खोचून ठेवू, दुपारी तरी सावली होईल. मामा उठून आले. ते दौंडकडचे, घरी मेंढरं होती, अर्धं आयुष्य माळावर गेलंय. म्हणाले, "ताई, नका करू. छत्री लावली की कावळ्याला कळतं हितं कायतरी हाय. आन् ती पण येणार नाय मग जवळ. तिला करू द्या तिचं." मी छत्री घेऊन गुपचूप परत आले. आणि मग जवळजवळ महिनाभर, जमेल तेव्हा, बाल्कनीत बसून ती "तिचं" काय करते ते बघितलं.

अंडी उबवणं म्हणजे ऊब देणं असं आपण धरून चालतो. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी टिटवीचं काम बरोबर उलटं असतं. अंड्यातला जीव ३७-३८ अंशांच्या आसपास नीट वाढतो आणि ४०-४१च्या पुढे बराच वेळ गेला तर मरतो. उघड्या मुरमाचं तापमान भर दुपारी ५०च्या पुढे सहज जातं. म्हणजे दहा-पंधरा मिनिटं जरी कुणी अंड्यांवर नसलं तरी धोका. सकाळी ती अंड्यांना पूर्ण टेकून बसायची. अकरा-साडेअकरानंतर बघावं तर अर्धवट उभी, पाय किंचित वाकवलेले, अंडी तिच्या सावलीत, चोच उघडी आणि धापा चाललेल्या. पक्ष्यांना घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नसतात, त्यामुळे शरीरातली उष्णता बाहेर काढायची तर मुख्यतः तोंडावाटे, धापा टाकून. नर आणि मादी पाळ्या लावतात, एक उठला की दुसरा हजर. माझ्या डोळ्यांना त्यातला नर कुठला मादी कुठली ते कधी ओळखता आलं नाही, इथे मी सगळ्यालाच "ती" म्हणतेय.

आणि एके दिवशी ते दिसलं ज्यासाठी मी खरंतर ही पोस्ट लिहितेय. प्लॉटच्या कोपऱ्यात सिंटेक्सची टाकी आहे, टँकर येऊन ती भरतो, खाली गळून गळून एक डबकं झालंय. दुपारी दोनच्या सुमाराला पाळी बदलली आणि सुटलेली टिटवी उडत त्या डबक्याकडे गेली. मला वाटलं पाणी प्यायला. प्यायलीही, पण मग पाय दुमडून पाण्यात बसली, पोट बुडवलं, अंग डावी-उजवीकडे हलवून पिसं चांगली भिजवली, उठली, परत बसली. मग उडाली, पण खळगीवर नाही, चांगली पंधरा-वीस पावलं अलीकडे उतरली, आणि तिथून चालत, मधेच थांबून, मान वर करून इकडेतिकडे बघून, जणू कुठे जायचंच नाहीये अशी, शेवटी खळगीपाशी पोचली. थेट उडून घरट्यावर ती कधीच उतरत नाही, कारण वरून कुणी बघत असेल तर पत्ता कळेल. मग ओलं पोट घेऊन अंड्यांवर बसली. दुर्बिणीतून पोटाच्या पिसांना लागलेला थेंब दिसत होता. मला एकदम आजीने तापात कपाळावर ठेवलेल्या पाण्याच्या घड्या आठवल्या. त्या दुपारी मी तिला पाच वेळा जाताना-येताना मोजलं.

आता, हे तिला कुणी शिकवलं? ग्रुपवरच्या काकांचं म्हणणं निसर्गाने. बरोबरच आहे, पण निसर्ग कसा शिकवतो ते फार कठोर आहे. कुठल्याच टिटवीने ठरवून अंड्यांना मातीचा रंग दिलेला नाही. अंड्यांच्या रंगात थोडाथोडा फरक पूर्वीही असणार, जी अंडी जमिनीवर उठून दिसली ती कावळ्याने, कोल्ह्याने, मुंगसाने खाल्ली, जी मिसळून गेली ती उबली, त्यांची पिल्लं वाढली आणि त्यांनी तशीच अंडी दिली. असं हजारो पिढ्या. त्या चार सुंदर अंड्यांच्या मागे खाल्ल्या गेलेल्या अंड्यांची न संपणारी रांग आहे. अनुकूलन हा शब्द शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतो, उंटाचं मदार, पाणकोंबडीची बोटं, जोड्या लावा, संपलं. त्यात किती मरण साठलेलं आहे हे कुणी सांगत नाही.

मामांना ओल्या पोटाचं सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. म्हणाले, "पखुर्डी तर लई लांबनं पाणी आणती." हे मी वाचलेलं होतं पण त्यांच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. पखुर्डी म्हणजे कबुतराएवढा, वाळक्या गवताच्या रंगाचा पक्षी, आपल्या पुणे जिल्ह्यात सुप्याच्या, कडबनवाडीच्या माळावर दिसतो, म्हणजे आधी दिसतच नाही आणि मग पायाजवळून भर्रकन उडतो. खातो नुसत्या कोरड्या बिया, पिल्लंसुद्धा तेच खातात, म्हणून पिल्लांना पाणी लागतंच आणि त्यांना तर उडता येत नाही. मग बाप पाणवठ्यावर जातो, पोट भिजवतो, आणि काही किलोमीटर उडत ते पाणी पिसांतून आणतो, पिल्लं त्याच्या पोटाखाली घुसून पिसं चोखतात. १८९६ साली मीड-वाल्डो नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने स्वतःच्या घरी पाळलेल्या पखुर्ड्यांवरून हे लिहिलं, तर किती वर्षं लोकांना खरंच वाटेना. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या पक्षीतज्ज्ञांनी आफ्रिकेत अभ्यास करून दाखवलं की हे खरं आहे. त्या पिसांचे सूक्ष्म तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात, ओले झाले की उलगडतात आणि मधे पाणी धरून ठेवतात. २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोस्कोपखाली परत तपासलं, आफ्रिकेतल्या नामाक्वा जातीच्या पखुर्डीचा नर साधारण २५ मिलिलिटर पाणी वाहून नेऊ शकतो. म्हणजे खोकल्याच्या औषधाचे पाच चमचे. टिटवीच्या पिसांत ही करामत नाही, ती साधी भिजतात, म्हणून तिला डबकं जवळच लागतं.

इथे मला काकांना उत्तर द्यायचंय. अ‍ॅडजस्ट करणं दोन तऱ्हेचं असतं आणि आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो. एक वागणं बदलणं, ते एका जन्मात जमू शकतं. दुसरं शरीर बदलणं, ते एका जन्मात होत नाही, त्याला पिढ्यान्‌पिढ्या लागतात, बहुतेकदा हजारो-लाखो वर्षं. बिबट्या बघा ना. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि बिबट्याने उसालाच जंगल मानलं. लपायला जागा, प्यायला पाणी, खायला कुत्री-शेळ्या-डुकरं. मादी उसातच पिल्लं घालते आणि तोडणीच्या वेळी ती सापडतात. बिबट्याच्या अंगात काहीही बदललेलं नाही, अंग आधीपासूनच कुठेही चालेल असं आहे, बदललं ते वागणं. आणि त्याची किंमत तिथली माणसं जीव देऊन मोजतायत, ते हलक्यात घेण्यासारखं नाही.

पण माळढोक? सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य त्याच्यासाठी केलं आणि आता तिथे तो दिसणं म्हणजे नशीब. नर दहा-पंधरा किलोचा, उडणाऱ्या पक्ष्यांमधल्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, उघड्या माळावर कुठूनही शत्रू आला तरी दिसावा म्हणून, पण त्यामुळे नाकासमोरचं नीट दिसत नाही. माळावर समोर आडवं येणारं काही नव्हतंच कधी! मग आपण विजेच्या तारा ओढल्या. समोर तार आली तर ती दिसत नाही, आणि दिसली तरी एवढं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. देशात उरलेत ते दीडशेच्या आसपास. त्याने कसं अ‍ॅडजस्ट करायचं, सांगा ना? जे शरीर माळासाठी घडलं त्याला माळच लागतो. आणि माळ आपल्या सरकारी नकाशात "वेस्टलँड", पडीक. त्यामुळे तिथे प्लॉटिंग करा, नाहीतर खड्डे खणून झाडं लावा, दोन्ही पुण्यकर्मच. झाडं लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण माळावर केलेली गर्द झाडी पखुर्डीच्या उपयोगाची नाही, चिंकाऱ्याच्याही नाही. लांबवर दिसणं आणि जोरात पळता येणं हेच त्याचं संरक्षण. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य ५ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, बस, एवढंसं, आणि तिथे चिंकारा बघताना मला दरवेळी हेच वाटतं की कुंपणापलीकडे याचं काय.

टिटवी बिबट्या आणि माळढोक या दोघांच्या मधली. तिच्या पायाचं मागचं बोट नावापुरतं उरलंय, फांदी धरता येत नाही, ती जमिनीचीच. पण जमीन कुठली याबाबत ती थोडं जमवून घेते, शहरात सपाट गच्चीवर खडी पसरलेली असेल तर तिथेही अंडी घालते. उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं मामा म्हणतात. मला त्यातून एवढंच दिसतं की खाली जागा उरली नाही.

आमच्या चारपैकी तीन अंडी फुटली, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सकाळी. दुपारपर्यंत पिल्लं काडीसारख्या पायांवर चालत होती, आयतं भरवणं वगैरे नाही, स्वतःच टिपायला लागली. घार वरून गेली की टिटवी एक वेगळाच तुटक आवाज काढायची आणि तिन्ही पिल्लं होती तिथे खाली बसून दगड व्हायची, मी बघत असताना डोळ्यांसमोरून गायब. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सगळी मिळून नाल्याच्या बाजूला गेली. चौथं अंडं तसंच राहिलं, एक-दोन दिवसांत तेही कुणीतरी नेलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी जेसीबी आला. मामांनी ड्रायव्हरला पलीकडच्या टोकाने सुरू करायला लावलं, कारण काय ते सांगितलं नाही. मी कामाला निघायच्या आधी खाली जाऊन आले. खळगी होती तशीच होती, लेंड्यासुद्धा जागेवर. आत हात ठेवून बघितला. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि खडी हाताला पोळत होती.