तार बारीक झाली की का तुटते?

“एक मिलीमीटरपर्यंत चांदीची तार छान येते, त्याखाली गेली की तुटत राहते. चुकतं कुठे?” हाताने तार ओढायला, म्हणजे एकाहून एक बारीक भोकांतून खेचून बारीक करायला शिकणारे जवळजवळ सगळे हे विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बहुतेक वेळा चूक त्या बारीक भोकात नसते, मुशीत (चांदी वितळवायच्या भांड्यात) किंवा ओतलेल्या कांडीत झालेली असते. १० ग्रॅम शुद्ध चांदीची ४ मिलीमीटर चौरस कांडी जेमतेम ६ सेंटीमीटर भरते. तिचीच ०.३ मिलीमीटरची तार साडेतेरा मीटर होते, म्हणजे सव्वादोनशे पट लांब. कांडीतला मिलीमीटरभर दोष तारेत वीतभर पसरतो. त्यात वाळूचा, कानशीच्या लोखंडाचा एखादा कठीण कण असेल, तर तो ओढलाच जात नाही. भोवतालची चांदी बारीक होत जाते, कण तेवढाच राहतो.

म्हणून सुरुवात मुशीपासून करा. डाक (सांधा जोडायचा मिश्रधातू) लागलेली मोड आणि कानशीचा कीस तारेच्या चांदीत घालू नका. चांदी ९६२ अंशाला वितळते. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन भरपूर शोषते आणि थिजताना तो बाहेर टाकते, त्यातून पोकळ्या राहतात. चिमूटभर टाकणखार, वर लोणारी कोळशाचा तुकडा आणि मऊ, पिवळसर ज्योत एवढ्याने हे बरंच टळतं. चांदी आरशासारखी फिरायला लागली की ओता, उगाच उकळत ठेवू नका. साचा आधी तापवून तेलाचा हात फिरवलेला हवा आणि धार एकसंध पडली पाहिजे. कांडी गार झाल्यावर वरचं खड्ड्याचं टोक कापून टाका. तिथे लोभ केला की पुढे मीटरभर तार जाते.

कांडी दाबून बारीक करणाऱ्या खाचांच्या रोलरमध्ये ती घालताना घाई झाली की दोन्ही कडांना पातळ पंख निघतात. ते पुढच्या खाचेत दुमडून चांदीत दाबले जातात आणि वरून काहीच दिसत नाही. दर खेपेला कांडी पाव वळण फिरवा, एकही खाच गाळू नका, पंख दिसला तर कानशीने काढून मगच पुढे जा.

दोन मिलीमीटरपाशी जंतराचं, म्हणजे भोकांच्या पोलादी पट्टीचं काम सुरू होतं. तारेचं टोक तीन-चार सेंटीमीटर निमुळतं करा, भोकाच्या रुंद तोंडाकडून घाला, मेण लावा आणि भोकाशी काटकोन ठेवून एका दमात ओढा. मध्ये थांबलात की तिथे वळ उठतो. एका भोकात जाडी साधारण दहा टक्क्यांनी उतरावी. या हिशेबाने दोनवरून ०.३ पर्यंत अठराएक भोकं लागतात. हात जड लागला म्हणून भोकं वाढवणाऱ्यांपेक्षा दोन भोकं गाळून वेळ वाचवणारेच जास्त तार तोडतात.

९२.५ टक्क्यांच्या चांदीला तीन-चार भोकांनंतर ताव द्यावाच लागतो, म्हणजे तापवून मऊ करावीच लागते. शुद्ध चांदी त्याहून बरीच लांब जाते, म्हणून शिकताना आणि तारकशीसाठी शुद्धच घ्या. आधी मेण पुसा. तारेचं घट्ट वेटोळं करा, टोकं आत खोचा, कारण सुटं टोक सगळ्यांत आधी वितळतं. बांधायला तांब्याची तार घ्या. लोखंडी तार बांधून उजळायच्या, म्हणजे काळेपणा काढायच्या पाण्यात टाकलीत तर चांदीवर तांबं चढतं. ज्योत फिरती ठेवा आणि दिवे मंद करून बघा. अंधारात पुसट लाली दिसली की पुरे. भडक लाल झालेल्या तारेचे आतले कण मोठे होतात. ती वाकते मऊ, पण ओढली की साथ देत नाही. मग पाण्यात विझवून तुरटीच्या उकळत्या पाण्यात उजळा.

एवढं करूनही तुटली, तर लगेच नवं टोक काढू नका. तुटलेलं टोक दहा पट भिंगाखाली धरा. टोक सुईसारखं लांब निमुळतं आणि चकचकीत असेल, तर चांदी चांगली आहे, ओढ जास्त पडली: भोक गाळलं किंवा मेण कमी पडलं. एका टोकाला वाटी आणि दुसऱ्याला शंकू दिसला, तर तार आतून फाटली आहे. ताव द्यायला उशीर केला किंवा ओतताना पोकळी राहिली. अशी तार वरून गुळगुळीत असली तरी ठरावीक अंतराने तुटत राहते, तिच्याशी झटू नका, पुन्हा वितळवा. काळपट, पापुद्रा सुटलेली चीर म्हणजे रोलरमधली घडी. आणि साखरेच्या खड्यासारखं सरळ, दाणेदार तुटलं असेल, तर ताव जास्त झाला किंवा शिसं शिरलं. सोन्याला तर शिशाचा अंशही ठिसूळ करतो, नथेची २२ कॅरेटची तार मोत्यात वळवतानाच कडकन तुटते.

पहिल्या तिन्ही प्रकारचे तुकडे साफ करून पुन्हा मुशीत घाला. दाणेदार तुकडे मात्र वेगळ्या डबीत ठेवा आणि शुद्ध करायला द्या, चांगल्या चांदीत मिसळू नका.