पोर्ट कोक्विटलमची पायवाट

सप्टेंबरमधील त्या रविवारी लेकीबरोबर कॅनडातील व्हँकूव्हरजवळच्या बर्नबीहून स्कायट्रेनने निघाले, तेव्हा बाहेर बारीक पाऊस लागलेला होता. बर्क्विटलम स्थानक सोडल्यावर गाडी डोंगराखालच्या बोगद्यात शिरते आणि बाहेर पडल्यावर सूचिपर्णी वृक्षांनी भरलेले उतार अगदी जवळ आलेले दिसतात. कोक्विटलम सेंट्रलला उतरून पुढे बसने आम्ही पोर्ट कोक्विटलमला पोहोचलो. कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी उभारणारा ‘टेरी फॉक्स रन’ दर सप्टेंबरमध्ये कॅनडाभर होतो. ज्याच्या नावाने हा उपक्रम चालतो तो टेरी फॉक्स स्वतः कर्करोगाने गेलेला एक तरुण कॅनडावासी. मला हा रन, टेरी जिथे लहानाचा मोठा झाला, त्याच गावात चालायचा होता.

नावात धावणे असले तरी येथे शर्यत नसते. प्रवेश शुल्क नाही, वेळेची नोंद नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. कोणी चालते, कोणी सायकलवर येते, कोणी आजोबांची चाकांची खुर्ची ढकलत येते आणि ज्याला जमेल तेवढे तो देणगीच्या पेटीत टाकतो.

मी येथे आले ते एक जुनी शंका मनात घेऊन. माझी ताई परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेत होती, तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मी तिच्या सोबतीला राहिले होते. पुढच्या केमोचे पैसे आणि गावी परतण्याचे भाडे यांची जुळवाजुळव करणारी माणसे तिथे रोज पाहिल्यामुळे, दान करायचे तर ते समोरच्या रुग्णालाच करावे, संशोधनासारख्या दूरच्या गोष्टीला कशाला, असे मला अनेक वर्षे वाटत असे.

त्या शंकेचे उत्तर मला टेरीच्याच आयुष्यात सापडले. १९७७ साली, अठराव्या वर्षी, त्याच्या गुडघ्यात हाडाचा कर्करोग निघाला आणि उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. जगण्याची शक्यता ५० टक्के आहे, असे त्याला सांगण्यात आले. दोनच वर्षांपूर्वी हेच प्रमाण १५ टक्के होते, हेही त्याला कळले. या दोन आकड्यांमधले अंतर संशोधनाने कापले होते, ही गोष्ट त्या मुलाने मनावर घेतली. रुग्णालयात उपचारांसाठी येणारी लहान मुलेही त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. १२ एप्रिल १९८० रोजी अटलांटिकच्या किनाऱ्यावरील सेंट जॉन्स येथून तो कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवायला कृत्रिम पायाने कॅनडाभर धावू लागला आणि दिवसाला जवळजवळ मॅरेथॉनएवढे, म्हणजे सरासरी सुमारे ३८ किलोमीटर अंतर कापत १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर गेला. १ सप्टेंबरला वाटेतल्या थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले, कारण आजार फुप्फुसांत पसरला होता. प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर, हे त्याचे उद्दिष्ट पुढच्या फेब्रुवारीत पूर्ण झालेले त्याने पाहिले. २८ जून १९८१ रोजी तो गेला, तेव्हा त्याला तेविसावे वर्ष पुरे व्हायला एक महिना बाकी होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पहिला ‘टेरी फॉक्स रन’ झाला.

निघण्यापूर्वी प्रत्येक जण आपण कोणासाठी चालत आहोत ते एका चिठ्ठीवर लिहून छातीवर लावत होता. मी देवनागरीत ‘ताई’ लिहिले. लाल सदरे घातलेली माणसे गर्दीत उठून दिसत होती. हा रंग स्वतः कर्करोगातून गेलेल्यांचा असतो. त्यांतल्या एक वयस्कर बाई माझ्या बरोबरीने चालू लागल्या आणि चिठ्ठीवरचा शब्द कसा उच्चारायचा, असे त्यांनी विचारले. त्यांनाही ताईसारखाच स्तनाचा कर्करोग झाला होता आणि त्याही कित्येक वर्षे टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या घेत होत्या. हे औषध १९६०च्या दशकात गर्भनिरोधकाच्या शोधात तयार झाले, त्या कामी ते उपयोगी पडले नाही, आणि पुढे चिकाटीने झालेल्या संशोधनातून या कर्करोगावर लागू पडले. ताईच्या उशाशी ती गोळ्यांची पट्टी मी इतकी वर्षे पाहिली होती. त्या पट्टीमागे अनोळखी माणसांचे पैसे आणि परिश्रम असतील, हा विचार तोवर मला शिवलाही नव्हता. उपचारांनंतर ताई अकरा वर्षे जगली. तिने नातीचे बारसे केले, गच्चीवर पापड वाळवले, माझ्याशी भांडलीही.

झाडीतून जाणाऱ्या ओल्या वाटेवर बाई मधूनमधून थांबत होत्या आणि मीही त्यांच्यासोबत थांबत होते, त्यामुळे पाच किलोमीटरला आम्हाला जवळजवळ दोन तास लागले. एक शाळकरी मुलगा आईचा हात सोडून पुढे पळत होता. त्याच्या चिठ्ठीवर ‘बाबा’ या अर्थाचा शब्द होता. त्या मुलाकडे पाहून आम्ही दोघीही बराच वेळ काही बोललो नाही.

शेवटी, नाशिकहून निघताना आमच्या सोसायटीतील बायकांनी दिलेले आणि लेकीने डॉलरमध्ये बदलून आणलेले पैसे मी पेटीत टाकले. टेरीच्या नावाने आजवर ८० कोटी डॉलरहून अधिक निधी जमला आहे. आमची भर त्यात अगदी लहान होती, तरी पेटीसमोरून हलायला मला थोडा वेळ लागला.

ती चिठ्ठी भिजून कोपऱ्यात फाटली होती. नाशिकला परतल्यावर ती वाळवून मी ताईच्या टाटाच्या फाइलमध्ये, शेवटच्या तपासणीच्या कागदामागे ठेवली.