रीबूटच्या आधी कर्नल शेवटचं काय बोलला?

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आमचा डेटा लॉगर (नोंदी साठवणारं यंत्र) बसवलाय. छोटा एआरएम बोर्ड, एकच कोअर, 512 एमबी रॅम, वर लिनक्स; कर्नल म्हणजे त्याचा गाभा. आठवड्यातून दोनतीनदा तो मध्यरात्री आपोआप रीबूट व्हायचा आणि सकाळी लॉगमध्ये कारणाचा मागमूस नसायचा. कर्नलचे मेसेज टिपायला सिरियल केबल लावून तीन रात्री लॅपटॉप तिथे ठेवला. त्या तीन रात्री बोर्ड ढिम्म!

मग रॅमऊप्स या लिनक्समधल्या सोयीकडे वळलो. रॅमचा एक तुकडा राखून ठेवायचा आणि कर्नलने त्यात फक्त आपले मेसेज लिहायचे. वॉचडॉगने (सिस्टिम अडकली की तिला रीसेट करणारा टायमर) रीसेट दिला तरी आमच्या बोर्डावर रॅमची वीज तुटत नाही, त्यामुळे मजकूर टिकतो आणि पुढच्या बूटला पीस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून दिसतो. लाइट गेली तर मात्र सगळं गेलं.

डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) रॅमच्या अगदी शेवटचा 1 एमबी राखला आणि सिसआरक्यूने (कर्नलला थेट हुकूम द्यायची सोय) मुद्दाम पॅनिक घडवला, म्हणजे गंभीर चूक झाल्यासारखं कर्नलला थांबायला लावलं. पीस्टोअर रिकामं. दोन दिवस कॉन्फिग उलटंपालटं केलं, पण घोळ पत्त्यात होता. यू-बूट, म्हणजे लिनक्सच्या आधी चालणारा बूटलोडर, सुरू झाला की स्वतःला उचलून रॅमच्या वरच्या टोकाला नेतो, म्हणजे नेमका माझ्या मजकुरावर येऊन बसायचा! तुकडा खाली सरकवला आणि डीमेसेजची, म्हणजे पॅनिकच्या वेळच्या कर्नल मेसेजची, फाइल आली. ऑफिसात मी अक्षरशः ओरडलो.

तेव्हा आमचे सीनियर म्हणाले, "अरे, कन्सोलसाठी पण जागा ठेव. हँग म्हणजे पॅनिक नव्हे." कन्सोल म्हणजे कर्नल चालता चालता छापतो त्या ओळी; त्यांच्यासाठी मी 128 केबी ठेवली. त्यांच्या या एका वाक्याने माझे कित्येक दिवस वाचले. हँगमध्ये, म्हणजे सिस्टिम नुसती अडकून बसते तेव्हा, पॅनिकचा कोडच चालत नाही, त्यामुळे डीमेसेजची नोंद होत नाही. कन्सोलची ओळ मात्र छापताक्षणी राखीव रॅममध्ये जाते. ती फाइल पुढच्या रीबूटला पुसली जाते, म्हणून बूट होताच फ्लॅशवर कॉपी करणारी छोटी स्क्रिप्टही टाकली.

पाचव्या दिवशी भोसरीहून फाइल आली, फक्त कन्सोलची. तळाशी मोडेमचा 'यूएसबी डिसकनेक्ट', त्याखाली आमच्याच ड्रायव्हरची 'मोडेमची वाट पाहतोय' ही ओळ. पुढे काही नाही. ड्रायव्हर उघडला, तर त्या लूपला टाइमआउटच नव्हता: मोडेम परत येईना, लूप वाट पाहत अडकायचा आणि शेवटी वॉचडॉग रीसेट द्यायचा.