दुतोंड्या मारुती तीन यंत्रांवर : कामाची नोंद

मागची नोंद लिहिली तेव्हा माझा जुना संगणक अमिगा ५०० बंद पडलेला होता. त्याच्या मेमरी-कार्डावरची बॅटरी गळून हिरवा थर चढला होता. बॅटरी उपटून काढली, व्हिनेगरने थर पुसला, गंजाने खाल्लेल्या दोन ट्रॅकना (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांना) बारीक वायर जोडली. आता अमिगा, मॅकिंटॉश क्लासिक आणि विंडोज ३.१ वाला ४८६ पीसी असे तिन्ही जुने संगणक एका टेबलावर चालू आहेत.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गोदावरीला पूर आला की आम्हा नाशिककरांचा पहिला प्रश्न असतो, "मारुतीच्या कुठवर आलं?" रामकुंडाजवळची दुतोंड्या मारुतीची मूर्ती हीच आमची मोजपट्टी. पाऊल, गुडघा, कंबर, छाती, गळा, डोकं अशी सहा चित्रं करायची, माउस दाबला की पाणी एक टप्पा चढेल आणि घंटा वाजेल. एवढंच, पण तिन्ही यंत्रांवर, त्या त्या यंत्राच्या काळातल्याच सॉफ्टवेअरमध्ये.

दोन महिने मी तिन्हीकडे चालेल असं एकच ऑथरिंग सॉफ्टवेअर (चित्रं, आवाज, बटणं जोडून असा कार्यक्रम बांधायचं साधन) शोधत होतो. हायपरकार्ड १९८७ मध्ये आलं, बिल अ‍ॅटकिन्सन यांचं काम, आणि ते अ‍ॅपलच्या घराबाहेर पडलंच नाही. हायपरस्टुडिओ अ‍ॅपलच्याच टू-जीएस या संगणकावर जन्मलं, पुढे मॅक आणि विंडोजवर गेलं. डायरेक्टर मॅकवरून विंडोजवर आलं. स्काला अमिगावर वाढलं आणि मग पीसीवर पोचलं. कुठलंही घ्या, फार तर दोघांचं जमतं आणि तिसरा बाहेर राहतो. मग शोध थांबवला. सॉफ्टवेअर वेगळी राहू देत, त्यांच्यात देवाणघेवाण करायच्या फाईलींची रचना एक असली की झालं.

मॅकवर हायपरकार्ड, ४८६ वर टूलबुक, अमिगावर अमिगाव्हिजन, असं ठरलं. पहिली दोन सख्खी भावंडं वाटतात. हायपरकार्डमध्ये 'ऑन माउसअप, गो टू नेक्स्ट कार्ड, एंड माउसअप' लिहायचं; टूलबुकमध्ये 'टू हँडल बटनक्लिक' आणि कार्डाच्या जागी पेज. अर्ध्या तासात उतरवून झालं. अमिगाव्हिजनमध्ये मात्र ओळी लिहायच्या नसतात, चिन्हं एकाखाली एक लावून प्रवाह बांधायचा असतो. सहा चित्रांना ते छान पुरतं.

चित्रांसाठी आयएफएफ हा फाईल-प्रकार धरला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १९८५ मध्ये काढलेली ही रचना: फाईलच्या प्रत्येक तुकड्याला आधी चार अक्षरांचं नाव, चार बाइटमध्ये लांबी, मग माल. अ‍ॅपलचा आवाजाचा फाईल-प्रकार एआयएफएफ याच वळणाचा, आणि विंडोजच्या वेव्ह या आवाजाच्या फाईली ज्या रिफ रचनेत बसतात तीही. फक्त रिफमध्ये लांबीचे बाइट इंटेलच्या पद्धतीने उलटे लिहिलेले. हे कळलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. अमिगावरच्या डिलक्स पेंट या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये ३२० बाय २००, ३२ रंगांत काढलेलं चित्र न दाबता ४०,००० बाइट होतं. रंग फिरवायचा क्रमही त्याच फाईलमध्ये साठतो, त्यामुळे अमिगावर निळ्या छटा एकमेकींमागे सरकतात आणि गोदावरी वाहते. क्लासिकच्या काळ्या-पांढऱ्या ५१२ बाय ३४२ पडद्यावर हे होणं नाही. तिथे ठिपक्यांचे तीन नमुने काढून आळीपाळीने दाखवतो. पाणी थोडं थबकत चालतं, पण पुराचं वाटतं.

मराठी मजकुरासाठी फॉन्टच्या नादी लागलो नाही. प्रत्येक फॉन्टची अक्षररचना वेगळी, एकीकडचा मजकूर दुसरीकडे कचरा होतो. अक्षरं चित्रातच काढली. 'कंबरेपर्यंत' या शब्दाने दोन संध्याकाळी घेतल्या: 'र्यं'वर रफार आणि अनुस्वार दोन्ही, आणि १६ ठिपक्यांच्या उंचीत त्यांचा एकच डाग व्हायचा. शेवटी शिरोरेषा दोन ठिपके खाली घेतली, रफाराची शेपटी डावीकडे वळवली, टिंब एक ठिपका उजवीकडे सरकवलं. आता आई चष्म्याशिवाय वाचते.

घंटा देवघरातली, तीन सेकंद, ८ बिट, ११,०२५ हर्ट्झ, साधारण ३३ केबी. ४८६ वर स्वच्छ आणि अमिगावर नुसती खरखर. कारण असं की ८ बिटांच्या वेव्हमध्ये शांतता म्हणजे १२८, अमिगाच्या ८एसव्हीएक्स या आवाजाच्या फाईलमध्ये शांतता म्हणजे शून्य. प्रत्येक बाइटचा सगळ्यात वरचा बिट उलटा करायचा. डॉसच्या क्यूबेसिक भाषेत दहा ओळी, एक्सॉर १२८ (म्हणजे तोच बिट उलटा करणं), की घंटा लागली.

फाईल नेण्याआणण्याला ७२० केबीची डॉस फ्लॉपी तिघांनाही चालते: ती वाचायला अमिगावर वर्कबेंच २.१ (अमिगाची कार्यप्रणाली) सोबतचं क्रॉसडॉस, मॅकवर पीसी एक्स्चेंज. एक खबरदारी घ्या. हायपरकार्डचे आवाज रिसोर्स फोर्कमध्ये (मॅकच्या फाईलचा दुसरा, वेगळा भाग) असतात, आणि स्टॅक (हायपरकार्डची फाईल) उघडाच ४८६ वर नेऊन परत आणला की तो भाग गळून पडतो. माझी घंटा अशीच गेली. आता आधी बिनहेक्स करतो (दोन्ही भाग एकाच साध्या मजकूर-फाईलमध्ये बांधतो), मगच फ्लॉपीत टाकतो.

अडलंय ते फ्लॉपीवरच. एचडी (जास्त क्षमतेच्या) फ्लॉपीच्या भोकावर टेप लावून ७२० केबीची केली, पण तिचा चुंबकीय थर वेगळा. आज लिहिलेलं आठवड्याने वाचता येईलच असं नाही. त्यात आमच्याकडचा श्रावण, डब्यात सिलिका जेल ठेवूनही दोन फ्लॉपींवर बुरशीचे ठिपके आलेत. एम. जी. रोडवर तीन दुकानं पालथी घातली, खऱ्या डीडी (मुळातच ७२० केबीच्या) फ्लॉपी मिळाल्या नाहीत. कोणाकडे कोऱ्या पडून असतील तर दहा हव्या आहेत, योग्य पैसे देईन.

गळ्यापर्यंतची पाच चित्रं तिन्हीकडे चालतात. डोकं बुडालेलं सहावं आज रात्री काढायला घेतोय.